बारा तबकड्यांचा प्रश्न

"अरे, याने अमेरिकेहून रेकॉर्ड प्लेअर आणलाय आणि म्हणतो, अण्णांच्या रेकॉर्डी लाव. मला माझ्या सीडी लावायच्या आहेत. माझा सीडी प्लेअर बंद पडलाय, तो आधी येऊन बघ. आणि मग आमच्या दोघांत काय ते तूच ठरव."

मित्राच्या आईचा हा फोन मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आला. भांडण उलटं होतं. मुलगा ४४ वर्षांचा, न्यू जर्सीत राहणारा, त्याला तबकड्या हव्यात. आई ७१ वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली, लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, त्याच तबकड्या पुसत आलेली, तिला त्या नकोत. मुलगा जगावेगळं काही बोलत नव्हता म्हणा. त्याच्या तिकडे २०२२ साली रेकॉर्डींचे नग सीडींपेक्षा जास्त खपले, १९८७ नंतर पहिल्यांदाच. पण काकूंना खपाशी काय देणंघेणं? त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "सुया बदलून आणि पेन्सिलीने कॅसेटी गुंडाळून झाल्या, आता मला नुसतं बटण दाबायचंय."

मी पोटासाठी इन्व्हर्टर दुरुस्त करतो आणि हौसेसाठी जुने अँप्लिफायर. तेवढ्या भांडवलावर कोथरूडच्या त्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसलो. हॉल साधारण १० बाय १४ फुटांचा, फरशी, एक दिवाण, भिंतभर शोकेस. मुलाने सगळ्या कामासाठी ६०,००० रुपये ठेवले होते आणि सांगितलं होतं, "चांगलं ऐकू आलं पाहिजे, बस."

ट्रंकेत काय निघालं

रेकॉर्ड चांगली की सीडी, हा वाद मी मुद्दाम सुरूच केला नाही. आधी घरात काय आहे ते बघू म्हटलं. माळ्यावरून दोन ट्रंका खाली आल्या. मोजदाद केली: १६३ एल.पी., म्हणजे मोठ्या तबकड्या, ४१ ई.पी., म्हणजे लहान, आणि तळाशी जुन्या साड्यांत गुंडाळलेल्या २२ लाखेच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. शोकेसमध्ये काकूंच्या २१० सीडी. त्यातल्या काही कर्वे रोडवरच्या अलूरकरांकडून घेतलेल्या, काही मुंबईला गेल्यावर काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून, जे २०१६ साली बंद झालं. सीडी सगळ्या उभ्या, रागांच्या क्रमाने लावलेल्या. बँकेतली सवय.

ट्रंकेतल्या एल.पी. आडव्या रचलेल्या होत्या, आणि माळा थेट गच्चीच्या स्लॅबखाली. विनाइल, म्हणजे एल.पी.चं प्लास्टिक, साधारण साठ-सत्तर अंश तापमानाला मऊ पडायला लागतं. माळ्यावर तेवढं तापत नाही, पण वर चाळीस तबकड्यांचं वजन आणि तीसेक उन्हाळे म्हटल्यावर खालच्या थाळीसारख्या वाकल्या होत्या. बऱ्याच तबकड्यांवर कागदी पाकिटाच्या दमटपणाने पांढरी बुरशी धरलेली. बुरशी धुतली की जाते. वाकलेली तबकडी मात्र घरी सरळ करायच्या नादी लागू नये, तव्यावरची भाकरी नव्हे ती.

त्याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नव्हती. अण्णांकडे एच.एम.व्ही.चा फिएस्टा होता. प्रवासी बॅगेसारखा, झाकण उघडलं की वाजणारा. असल्या प्लेअरमधलं सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला तुकडा, तबकडीवर पाच-सहा ग्रॅमचा दाब टाकतं. चांगल्या कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात. शिवाय सुई हिऱ्याची असो वा नीलमण्याची, ती झिजते, आणि झिजलेली सुई खोबणीला रंधा मारते. म्हणजे घरात जी तबकडी सगळ्यात लाडकी, तीच सगळ्यात जास्त खरवडलेली. गायक तार षड्जावर पोचला की आवाज फाटतो, आणि बाजू संपत येते तसतसा जास्त फाटतो. कारण सोपं आहे: तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण मध्याकडे घेर लहान होत जातो, तेव्हा सुईखालून खोबणी सरकण्याचा वेग कमी होतो आणि तेवढ्याच जागेत जास्त सूर कोंबावे लागतात. आता गंमत बघा. ख्यालात द्रुत आणि ताना येतात शेवटी, म्हणजे नेमक्या तिथेच जिथे तबकडी सगळ्यात कच्ची.

तीन रविवार घालवून वहीत रकाने पाडले. १६३ पैकी ५८ अशा, की तेच ध्वनिमुद्रण काकूंकडे सीडीवर आहे किंवा सहज मिळतं. ३१ वाकलेल्या किंवा खरवडून गेलेल्या. ६२ अशा, की त्या कुणालाच ऐकायच्या नाहीत. अण्णांना भेट आलेल्या, कुणीतरी ठेवून गेलेल्या, इंग्रजी नाचगाण्यांच्या. उरल्या १२. त्यात नाट्यपदं होती, दोन कीर्तनं होती, एका नाटकाचं तीन तबकड्यांवर केलेलं मुद्रण होतं, थोडी बालगीतं. शोधूनही आम्हाला त्या दुसऱ्या कुठल्या रूपात सापडल्या नाहीत.

म्हणजे ‘विनाइल की सीडी’ हा प्रश्न या घरापुरता बारा तबकड्यांचा होता. हे कळलं तेव्हा मी मनात निकाल लावून टाकला: बाराचं संगणकावर मुद्रण करून द्यायचं, पेनड्राइव्ह हातात ठेवायचा, आणि ६०,००० रुपये सीडी, अँप्लिफायर आणि स्पीकरवर घालायचे. काकूही जवळजवळ हो म्हणाल्या होत्या. हा निकाल अर्धा चुकला, ते पुढे येईल.

"हा गातोय की झोपलाय?"

मुद्रण करायचं तर प्लेअर चालला पाहिजे. मुलाने आणलेला प्लेअर तिकडच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातला, पट्ट्यावर चालणारा, जड, देखणा. ११० व्होल्टचा आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने सोबत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरही घेतला होता. जोडला. काकूंनी घरात ठाऊक असलेली एक तबकडी काढून दिली. दोन मिनिटं ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "हा गातोय की झोपलाय?"

पेटी आणली. मूळ मुद्रणात सूर पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, आहे हे काकूंना पक्कं ठाऊक, त्यांनी त्याच्याबरोबर गाऊन पाहिलेलं. पेटीवर जुळली पांढरी तीन. पूर्ण तीन स्वरपट्ट्या खाली. षड्जाच्या जागी मंद्र धैवत.

कारण व्होल्टेजचं नव्हतं. तशा प्लेअरची सिंक्रोनस मोटर वेग ठरवते विजेच्या वारंवारतेवरून. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. त्यामुळे तबकडी ३३⅓ ऐवजी मिनिटाला २७.८ फेरे घेत होती, वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालली असती. पाश्चात्त्य वाद्यवृंद असता तर आमच्या लक्षात कदाचित उशिरा आलं असतं. इथे श्रोता सूर घेऊन बसलेला होता.

उपाय मोटरवरच्या पुलीत असतो: ती वीस टक्के मोठी केली की हिशेब जुळतो. भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून पितळी पुली करून घेतली. मूळ व्यास १० मिलिमीटर भरला, मी १२ सांगितला, आणि तोंडघशी पडलो. वेग अजून सुमारे एक टक्का कमी. पट्ट्याची जाडी मी धरलीच नव्हती. वेग ठरतो पुली अधिक पट्टा अशा एकूण व्यासावर. दुसरी पुली १२.१ ची केली तेव्हा बसलं. एक टक्का म्हणजे किती? आपल्या प्रमाणश्रुतीचं, म्हणजे सुरांमधल्या सगळ्यात बारीक अंतराचं, गुणोत्तर ८१/८०, म्हणजे सव्वा टक्का. त्याहून थोडी कमीच चूक, पण काकूंनी तीही पकडली होती, पेटीशिवाय.

वेग तपासायला १८० रेघांची स्ट्रोब चकती तबकडीवर ठेवतात. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. आमच्या रेघा काही केल्या दिसेनात. घरभर एलईडी दिवे, ते विजेबरोबर लुकलुकतच नव्हते. शेवटी देवघरातला जुना निऑनचा लाल दिवा काढून आणला. देवाने तेवढा अर्धा तास अंधार सोसला.

पडद्यामागे

मुलाचं एकच पालुपद: "रेकॉर्डला ऊब असते." हे तो व्हिडिओ कॉलवरून ऐकून ठरवत होता, तेव्हा त्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा. पण प्रश्न खोटा नव्हता. म्हणून घरात दोन्ही रूपांत असलेल्यांपैकी, त्यातल्या त्यात धड अशा सहा ध्वनिमुद्रणांच्या जोड्या काढल्या. तबकड्या डिस्टिल्ड पाण्याने धुतल्या, पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जरासा अंश. (हे फक्त विनाइलला. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावलं तर लाख विरघळते. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या खोक्यावर मी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे.) माझा अँप्लिफायर, माझे स्पीकर, मधे पडदा, काकू दिवाणावर.

दोन्हीकडचा आवाज एकसारखा ठेवणं ही यातली खरी मेख. जो जरासा मोठा वाजतो तो कानाला ‘चांगला’ वाटतो. अगदी संशय येणार नाही इतका मोठा असला तरी. सीडी प्लेअर जवळजवळ दोन व्होल्ट बाहेर टाकतो. रेकॉर्डची सुई चार-पाच मिलिव्होल्ट, ती आधी फोनो स्टेजमधून फुगवावी लागते. शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात, नाहीतर खोबण्या एकमेकींत घुसतील. फोनो स्टेज ते सगळं उलटं करते. एवढी उस्तवार झाल्यावर आवाज आपोआप जुळणं शक्यच नाही. आलापाआधीचा तानपुरा धरून मी दोन्ही बाजू मोजून समान केल्या. दुकानात ‘फरक ऐकून बघा’ म्हणतात तिथे हे कुणी करत नाही.

तीन जोड्यांत सीडी सरळ सरस. फिएस्टाने खाल्लेल्या तबकड्या होत्या, त्यात नवल नाही. दोन जोड्यांत काकूंनी तबकडी ओळखली ती चरचरीवरून. तबला रंगात आल्यावर विचारलं तर, "आता नाही सांगता येत." कागदावर तर सामना असा होतच नाही: सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल. चांगल्यात चांगली तबकडी साठ-सत्तरच्या आसपास. सीडीत आवाज ‘पायऱ्यापायऱ्यांचा’ येतो असं सांगणारे भेटतात. येत नाही. प्लेअरमधून बाहेर पडतो तो गुळगुळीतच असतो. आणि वरच्या टोकाचं म्हणाल तर पन्नाशीत मला स्वतःला १२-१३ हजार हर्ट्झच्या पुढचं काही ऐकू येत नाही. काकूंना मी विचारलं नाही.

सहावी जोडी लावली. आधी सीडी. काकू थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तानपुऱ्याला सर्दी झालीय."

मग तबकडी. चरचर होती, मधे एकदा टिकटिकही झाली. पण तानपुरा जिवंत. जवारी ऐकू येत होती, गायकाच्या श्वासाच्या फटीत तार भरून निघत होती.

प्रकार असा झाला असणार: सीडी करताना जुन्या टेपची खरखर काढायला कुणीतरी यंत्र लावलं आणि ते जास्त फिरवलं. तानपुऱ्याची जवारी म्हणजे वरच्या स्वरांशांचा सततचा बारीक झरा. खरखर काढणाऱ्या यंत्राला तो खरखरीसारखाच दिसतो. त्याने दोन्ही एकदम पुसलं. दोष सीडी या माध्यमाचा नव्हे, सीडी बनवणाऱ्या कानाचा. याच जातीचे दुसरे उद्योगही आपण पाहिलेत. जुन्या हिंदी गाण्यांवर ‘झंकार बीट्स’ चढवून विकलेल्या सीडी आठवा. आणि नव्वदच्या दशकानंतरच्या कित्येक सीडींत सगळाच आवाज ठासून एका पातळीवर आणलेला असतो. तबकडीवर तो त्याच थराला ठासणं अवघड, म्हणून ती सुटते. मुलाला जी ऊब वाटते तिचा बराच भाग असा, सीडीच्या चुका वजा करून आलेला आहे. उरलेला भाग सुईचा स्वतःचा रंग. तो आवडणं हा गुन्हा नाही.

त्यामुळे माध्यमाला माध्यम लावून बघण्यात अर्थ नाही, त्या त्या ध्वनिमुद्रणाची कुठली प्रत धड आहे ते बघावं लागतं. माझा आधीचा निकाल इथे लंगडा पडला. ५८ तबकड्या मी ‘सीडीवर आहे’ एवढ्याच आधारावर बाद केल्या होत्या. सहा जोड्यांतच एक परत आली. बाराच्या तेरा झाल्या, आणि बाकीच्या बावन्न अजून ऐकायच्या होत्या.

पैसे कुठे गेले

स्पीकर २८,०००. अँप्लिफायर १७,०००, फोनोची सोय आतच असलेला. सीडी प्लेअर जुना, ६,०००. नवं कार्ट्रिज, दोन्ही पुली आणि पट्टा मिळून ५,५००. धुण्याचं सामान १,५००, आतली नवी पाकिटं आणि तबकड्या उभ्या ठेवायची लाकडी मांडणी २,०००. हिशेब बरोबर ६०,०००ला टेकला. काकूंनी पावत्या मागून घेतल्या.

जवळजवळ अर्धे पैसे स्पीकरला का, असं मुलाने विचारलं. कारण रेकॉर्ड आणि सीडीतला फरक ऐकायला कान लावून बसावं लागतं. दोन स्पीकरांतला फरक स्वयंपाकघरातून कळतो. काकूंचा बंद पडलेला प्लेअर मी सोडून दिला. लेझरचा डोळा थकलेला, आणि तो भाग मिळेना. सीडीची हीच दुखरी बाजू आहे: चकती टिकते, वाचणारं यंत्र मरतं. चकतीलाही जपावं लागतंच, पण लोक भलतीकडून जपतात. खालच्या चकचकीत बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिकचं चिलखत आहे. धातूचा थर असतो वर, छापील बाजूला, वार्निशासारख्या लॅकरच्या पातळ पापुद्र्याखाली. तिथे ओरखडा गेला की गाणं गेलं. काकूंनी काही घरी भरलेल्या सीडींवर बॉलपेनने रागांची नावं कोरली होती. त्यातल्या दोन वाचल्या जात नाहीत.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन: "रेकॉर्ड लावली की घुमतं रे." प्लेअर आणि स्पीकर एकाच शोकेसवर ठेवले होते. स्पीकर हादरवतो शोकेस, शोकेस हादरवते सुई, सुई तेच पुन्हा स्पीकरला पाठवते. प्लेअर भिंतीत ठोकलेल्या फळीवर हलवला. फळीचे दीडशे रुपये हिशेबाबाहेर गेले, ते मी दिले.

प्लेअर फुकट आला नसता तर मी तो घ्यायला सांगितलं नसतं. घरात तबकड्यांचा वारसा नसेल आणि आज सुरुवात करायची असेल तर सीडीच घ्यावी, विशेषतः ज्याला ख्याल ऐकायचा आहे त्याने. १९४८ साली एल.पी. आली तेव्हा तीन-चार मिनिटांच्या तबकडीतून रागाची सुटका झाली खरी, पण वीस-बावीस मिनिटांनी बाजू संपतेच, आणि विलंबित तेवढ्यात आवरावा लागतो. सीडीवर ७४ मिनिटं सलग मावतात. मैफलीतला तासाभराचा यमन मधे न उठता ऐकता येतो. पुन्हा किंमत: नवी छापलेली तबकडी दोन-तीन हजारांच्या घरात जाते, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलं तर लोक सीडी पिशवीभर विकून मोकळे होताना दिसतात.

आठ महिन्यांनी

काकू वहीत नोंद ठेवतात, ते सांगायला नकोच. सकाळी साडेसहाला सीडी, रोज. संध्याकाळीही बहुधा सीडी. तबकडी रविवारी दुपारी, जेवणं आवरल्यावर, फार तर दोन. वीस मिनिटांनी उठावं लागतं याची पहिला महिनाभर कुरकुर होती. मग गुडघ्याच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, तेव्हा ती थांबली. सुई हाताने टेकवताना बोटं थरथरतात म्हणून त्या लहान दांड्याने सुई सावकाश उतरवतात आणि ती टेकेपर्यंत श्वास धरून उभ्या राहतात.

५८ पैकी बावन्न जोड्या त्यांनी माझ्याशिवाय एकटीने ऐकून काढल्या. सीडी नव्हत्या त्या मुलाकरवी मागवल्या, तबकडीशी ताडून पाहिल्या. आणखी चार तबकड्या परत आल्या, एकूण सतरा. सीडींच्या बाजूनेही एक निघाली: अण्णांची जीव की प्राण असलेली एल.पी. त्यांनी एकदा ऐकली, मग सीडी लावली आणि वहीत लिहिलं, ‘अण्णांनी हे इतकं स्वच्छ कधी ऐकलंच नाही.’ ती एल.पी. मात्र त्यांनी ट्रंकेत परत ठेवली नाही. मांडणीत पहिली तीच आहे, न वाजवता.

सतराचं मुद्रण मी पेनड्राइव्हवर करून दिलं. तो अँप्लिफायरच्या बाजूला हळदीकुंकवाच्या डबीत पडून आहे.

२२ लाखेच्या तबकड्यांचं अजून काही झालेलं नाही. त्यांची खोबणी रुंद, एल.पी.ची सुई तिच्या तळाशी लडबडते. त्यांना तिप्पट-चौपट जाड टोकाची सुई लागते आणि ७८ चा वेग, जो या प्लेअरला नाही. मुलगा दिवाळीला येतोय. तिकडे ७८ वाजवणारा एक झकास प्लेअर पाहून ठेवलाय, आणू का, असं त्याने विचारलं. काकूंनी उत्तर पाठवलं: "मागे हर्ट्झ किती लिहिलंय ते आधी वाच."